कस्तुराबाईंची रोजची नागपंचमी

गॅसच्या शेगडीची चारही बटणं ओढून काढून रोहिदासने शर्टाच्या खिशात टाकली, त्या दिवशी कस्तुराबाईंनी तोंडातून एक शब्द काढला नाही. सदुसष्ट वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. घरातल्या कुणालाही त्याची धास्ती वाटली नाही, यावरून मंडळी किती बेसावध होती ते समजावं.

आधी त्यांची चूक सांगून टाकलेली बरी, कारण त्यांनी स्वतः ती कधी लपवली नाही. मे महिन्याच्या शेवटाची गोष्ट. दूध बारीक गॅसवर ठेवून त्या गच्चीवर कुरडया गोळा करायला गेल्या. तिथं समोरच्या फ्लॅटमधल्या सुभद्राबाई भेटल्या. या मूळच्या लातूरकडच्या, मुलाच्या नोकरीपायी रहाटणीत आलेल्या. त्यांनी काढलेला कुठलाही विषय लातूरला एक चक्कर मारून आल्याशिवाय संपत नसे. इकडं दूध उतू गेलं, आच विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला वास आला म्हणून बरं. त्याने धावत येऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. कुणाला काही झालं नाही, पण काय काय होऊ शकलं असतं याची चर्चा घरात आठवडाभर चालली.

"चुकलं माझं," कस्तुराबाई त्याच संध्याकाळी म्हणाल्या होत्या. "दूध ठिवून गप्पा हाणत बसाया नको व्हतं."

एवढ्यावर हे मिटायला हवं होतं. पण रोहिदास चाकणच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर. तिथला नियम असा, की मशीन दुरुस्तीला काढलं की आधी त्याला कुलूप ठोकायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे भलत्याचा हात त्याला लागायला नको. रोहिदासला हा नियम इतका पटलेला, की त्याने तो घरी आणला. शेगडीला कुलूप बसत नाही, म्हणून बटणं काढली. सकाळी त्याची बायको जयमाला स्वयंपाक करी आणि साडेसातला काळेवाडीच्या शाळेत शिकवायला जाई. आठ वाजता रोहिदास निघे, तेव्हा बटणं त्याच्या खिशातून चाकणला जात आणि संध्याकाळी परत येत. विळी माळ्यावर गेली, सुऱ्या कपाटात बंद झाल्या. आईचा हात थरथरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि ओट्यावर कस्तुराबाईंसाठी डबा ठेवला जाऊ लागला.

हा डबा त्यांना कसा लागला असेल, हे कळायला मागचं थोडं माहीत हवं. सतराव्या वर्षी त्या या गावात सून म्हणून आल्या, तेव्हा रहाटणीत ज्वारी होती आणि भाजीचे मळे होते. मग कंपन्या आल्या. मारुतरावांच्या, म्हणजे त्यांच्या मालकांच्या वाटणीची थोडी जमीन रस्त्यात गेली, थोडी विकली. मारुतराव उरलेल्या तुकड्याकडे बघत बसले आणि कस्तुराबाईंनी पदर खोचला. पिंपरी-भोसरीच्या कंपन्यांमध्ये कोकणातून, मराठवाड्यातून आलेली एकटी पोरं होती. त्यांचे डबे सुरू केले. पाचाचे चाळीस झाले. पंचवीस वर्षं चाळीस डबे, तीन शिफ्टमध्ये. आज ज्या इमारतीत हे सगळं रामायण चाललं होतं, तिचे पहिले दोन मजले त्या डब्यांवर उभे आहेत. रोहिदासचा डिप्लोमाही त्यातूनच झाला. अशा बाईला तिच्याच ओट्यावर, झाकणावर चिठ्ठी चिकटवलेला डबा. चिठ्ठीवर लिहिलेलं असे, 'आई, एक वाजता जेवा.'

कस्तुराबाई एक वाजता जेवत नव्हत्या. दोन वाजताही जेवत नव्हत्या. अर्धी पोळी मोडायची, उरलेलं चिमण्यांना घालायचं, चहाच्या थर्मासमधला कोमट चहा प्यायचा आणि बसून राहायचं. त्याहून वाईट म्हणजे एक शब्द घरात मुरायला लागला होता. रोहिदास फोनवर पाहुण्यांना सांगे, "आईला आता विसरायला होतं." शेजारी विचारत, "काकूंना विसरायला होतं म्हणे?" एकदा दूध उतू गेलं, तर बाईच्या डोक्यावर हा शिक्का बसला. कस्तुराबाईंना चाळीस माणसांपैकी कोण तिखट खात नव्हता ते आजही आठवत होतं. पण ते विचारतो कोण?

महिन्याभरात सत्तेचाळीस किलोच्या त्या त्रेचाळीसवर आल्या. एक दिवस न्हाणीतून बाहेर येताना पाय लटपटले. रोहिदासने चौकातल्या डॉक्टर प्राजक्तांकडे नेलं. डॉक्टर वयाने लहान, पण बोलणं रोखठोक.

"आजी, छातीवर हातांची घडी घाला आणि या खुर्चीतून पाच वेळा उठून बसा. हात टेकायचे नाहीत."

कस्तुराबाई एकदा उठल्या. दुसऱ्या वेळी अर्ध्यातूनच हात खुर्चीवर गेला.

"पायांत ताकद उरली नाही तुमच्या. नुसत्या चहा-बिस्किटावर स्नायू कसे राहतील? पोटात प्रोटीन जायला हवं. दही, डाळी, दाणे. काहीही करा, पण खा."

रोहिदासने तिथंच मनातलं काढलं. रावेतला म्हाताऱ्या माणसांसाठी एक केंद्र आहे. सकाळी गाडी न्यायला येते, संध्याकाळी आणून सोडते. वेळेवर जेवण, भजन, टीव्ही, लक्ष ठेवायला माणसं. "घरी एकटी राहण्यापेक्षा बरं, मॅडम. आम्ही दोघंही ड्यूटीवर. मला कंपनीत सारखी धाकधूक."

खोटं नव्हतं ते. दर दोन तासांनी तो लॉकरमधला मोबाईल काढून घरी फोन करत असे आणि आईने उचलायला उशीर केला तर पुन्हा पुन्हा लावत असे. पण प्रेमापोटी केलेला जुलूमही जुलूमच असतो आणि कस्तुराबाईंना तो जुलूम म्हणूनच दिसत होता.

"मी म्हातारी हाय, पार्सल न्हाई," त्या म्हणाल्या. "सकाळी उचला, सांजच्याला टाका. डॉक्टरीनबाई, तुमी सांगा. चुकीला शिक्षा असती, जन्मठेप असती का?"

डॉक्टर हसल्या आणि मधला मार्ग काढला. एक महिना द्यायचा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी परत यायचं. वजन दीड किलो वाढलं आणि पाच वेळा हात न टेकता उठता आलं, तर रावेतचा विषय बंद. नाही जमलं, तर रावेतची गाडी.

"आन् बटणं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"बटणांचं वेगळं आहे, आई," रोहिदास म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने प्रोटीन पावडरचा डबा आणला. पाण्यात कालवायची, चॉकलेटच्या वासाची. कस्तुराबाईंनी एक घोट घेतला आणि बराच वेळ तो गिळावा की नाही याचा विचार केला. "ह्याच्यापेक्षा भिंतीला लावायची पुट्टी गोड लागंल," त्या म्हणाल्या. डब्यातला प्लॅस्टिकचा चमचा तेवढा त्यांनी धुऊन ठेवला. मापाला चांगला होता.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. शेगडीवर बटणांच्या जागी चार बोडक्या खुंट्या. विळी नाही, सुरी नाही. आच लावायची नाही, काही चिरायचं नाही. आणि एकदम त्यांना हसू आलं, कारण असा दिवस त्यांनी आयुष्यात काही कमी वेळा काढलेला नव्हता.

नागपंचमीला गावातल्या बायका काही चिरत नाहीत, काही तळत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. पण चाळीस कामगारांची पोटं पंचमी पाळत नसत. त्यांना शिफ्टला जायचं असे आणि डबा लागे. सासू म्हणायची, एक दिवस डबे बंद ठेव. कस्तुराबाईंनी एकदाही ठेवले नाहीत. चिरण्या-भाजण्यावाचून माणूस कसा जेवतो, हे त्या पंचवीस पंचम्यांमध्ये शिकल्या होत्या. उकड तेवढी चालायची त्या दिवशी, इथं तीही नव्हती. एवढाच फरक.

"बरं," त्या शेगडीला म्हणाल्या. "मंग आजपास्नं रोजच पंचमी."

खालच्या डेअरीतून अर्धा किलो घट्ट दही आणलं. मारुतरावांना जाऊन वर्षं झाली, पण त्यांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा धुऊन ठेवलेला होता. त्यात दही बांधलं आणि पुरचुंडी सिंकच्या नळाला लटकवून दिली, खाली पातेलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी निथळून चक्का तयार झाला. भट्टीवाल्याकडून भाजलेलं डाळं आणि भाजलेले शेंगदाणे आणले. भाजलं त्यानं, यांनी काही आच लावली नाही. खलबत्त्यात डाळ्याचं पीठ केलं, दाण्यांचं जाडसर कूट केलं. खजुराच्या बिया बोटांनी काढल्या. पिकलेलं केळं मुठीत धरून वाटीत कुस्करलं.

चांगला मोठा डाव भरून चक्का, त्यात केळं, चार खजूर, पुट्टीच्या चमच्याने दोन चमचे डाळ्याचं पीठ, एक चमचा कूट, वेलदोड्याचे चार दाणे. कालवलं की झालं. सगळा खटाटोप पाच मिनिटांचा.

पहिला घास घेतला आणि जो ठसका लागला, तो चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. कोरडं पीठ टाळ्याला चिकटलं होतं. शिवाय दही आंबट निघालं. पण चाळीस डब्यांची बाई एका ठसक्याने मागे हटत नसते. दुसऱ्या दिवशी कालवलेली वाटी दहा मिनिटं झाकून ठेवली, तेवढ्यात पीठ भिजून मऊ झालं. दही ताजं घेतलं. केळ्याच्या जोडीला चिकू हातानेच फोडून घातला, वरून डाळिंबाचे दाणे. आता वाटी अशी झाली, की चाटूनपुसून खाल्ली तरी मन भरेना. महिन्यानंतर पहिल्यांदा त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

नळावरची पुरचुंडी जयमालाला रोज दिसत होती. चौथ्या दिवशी तिने विचारलंच.

"आई, हे काय टांगलंय?"

"गॅसला हात लावला न्हाई. सुरीला लावला न्हाई. आता नळाचंबी बटण काढता काय?"

जयमालाने खालचं पातेलं पुरचुंडीखाली नीट सरकवलं. रात्री जेवताना रोहिदास म्हणाला, "आई, फळ आणि दही एकत्र खाऊ नये. विरुद्ध आहार असतो. ग्रुपवर आलंय."

"दूध-केळ्याची शिकरण खाऊन एवढा घोडा झालास, तवा कुटं गेलता तुजा ग्रुप?"

रोहिदास ताटात बघून जेवत राहिला. त्याने वाटीची चवही बघितली नाही. म्हाताऱ्या माणसाचा एक चाळा, असं समजून घरच्यांनी तो सोडून दिला. हे कस्तुराबाईंच्या पथ्यावरच पडलं.

सुभद्राबाईंना मात्र हा अन्याय बघवेना. गप्पांमध्ये आपणही होतो, हे त्यांच्या मनाला लागलेलं होतं. एका दुपारी त्या दारात येऊन हळूच म्हणाल्या, "कस्तुराबाई, माझ्याकडं या की. दोन भाकरी टाकून घ्या माझ्या गॅसवर. कोण बघायलंय?"

"मी बघती की," कस्तुराबाई म्हणाल्या. "चोरून भाकरी केली तर रोहिदास बोलतो ते खरं ठरंल. मला माज्याच शेगडीवर करायचीया, त्याच्या डोळ्यांम्होरं."

"मग मी काय करू?"

"तुमी मोजा."

ते मोजण्याचं काम सुभद्राबाईंनी मनावर घेतलं. रोज चार वाजता गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची मांडली जाई. कस्तुराबाई हातांची घडी घालून उठत, बसत. पहिल्या आठवड्यात दोन. गुडघे कुरकुरत, मांड्या थरथरत, कपाळावर घाम येई आणि तोंडातून डॉक्टर, रोहिदास व रावेत या तिघांचा उद्धार होई. दुसऱ्या आठवड्यात तीन. तिसऱ्यात एकदा चार झाले, मग दोन दिवस परत तीनच. त्या दिवशी त्या खुर्चीत बसून रडल्या, हे सुभद्राबाईंनी कुणाला सांगितलं नाही. रडून झाल्यावर कस्तुराबाईंनी विचारलं, "किती झालं व्हतं?" सुभद्राबाई म्हणाल्या, "तीन." "मंग चौथा धरा," म्हणून त्या उठल्या.

पंचमी आली. कस्तुराबाईंची लेक पद्मा दापोडीहून दोन मुलांना घेऊन माहेरपणाला यायची होती. जयमालाने शाळेला सुट्टी टाकली. पुरणाची दिंडं करायची म्हणून रात्रीच हरभऱ्याची डाळ भिजत घातली. सकाळी आठला डाळ कुकरमध्ये घातली, कुकर शेगडीवर ठेवला, हात पुढे केला आणि हात हवेतच राहिला.

बटणं नव्हती.

झालं होतं ते असं. पहिल्या शिफ्टचा सुपरवायझर पंचमीला गावी गेला, म्हणून रोहिदासला आदल्या संध्याकाळी निरोप आला, पहाटेच्या शिफ्टला ये. सगळ्यांचा चहा थर्मासमध्ये भरून जयमाला आंघोळीला गेली आणि तो साडेपाचला निघाला. निघताना दोन महिन्यांच्या सवयीने हात शेगडीकडे गेला आणि चारही बटणं खिशात पडली. आज बायको घरी आहे, स्वयंपाक व्हायचा आहे, बहीण येणार आहे, यातलं काहीही डोक्यात आलं नाही.

जयमालाने फोन लावला. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि दुसऱ्याची शिफ्ट सांभाळताना रोहिदासला त्या दिवशी लॉकरपर्यंत जायला उसंत नव्हती. नुसती रिंग वाजत राहिली. पक्कड शोधली, तर ती त्याच्या मोटारसायकलच्या डिकीत, म्हणजे तीही चाकणला. खालचा भाडेकरूही सणाला गावी गेलेला. तेवढ्यात दारात पद्मा आणि मुलं.

"कुकर सुभद्राबाईंकडे नेते," जयमाला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"त्यांचीबी आज पंचमी हाय. त्यांची दिंडं कुटं शिजतील?"

"मग मोबाईलवरून जेवण मागवू का?"

"ज्यात चिरलं न्हाई, तळलं न्हाई आन् तव्यावर टाकलं न्हाई असं काय मिळतं का बघ त्या मोबाईलवर."

जयमालाने खरंच बघितलं. मग फोन खाली ठेवला.

"बटणं खिशात? ती कशाला?" पद्माने विचारलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आईला विसरायला होतं, एवढंच भावाने फोनवर सांगितलेलं. जयमालाने हळू आवाजात सगळं सांगितलं, तेव्हा पद्मा पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. "आईला डबा ठेवत होता तुम्ही? आईला?"

"भांडण मागनं," कस्तुराबाई म्हणाल्या. "पोरांस्नी भूक लागलीया. जयमाला, सरक जरा."

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या सगळ्यांदेखत ओट्यासमोर मधोमध उभ्या राहिल्या. नळावर पुरचुंडी होतीच. सण म्हणून त्यांनी आज दुप्पट दही बांधलं होतं. पद्माला खजूर दिले, बिया काढ. मोठ्या नातीला केळी दिली, कुस्कर. जयमालाच्या हातात खलबत्ता दिला. डाळिंब उंबऱ्यावर आपटून फोडलं.

"आई, हे चिरल्यात धरत नाहीत ना?" जयमालाने घाबरत विचारलं.

"फोडलंय. नागोबाला फरक कळतो."

नागाला दाखवायला ज्वारीच्या लाह्या आणल्याच होत्या. नैवेद्य दाखवून झाल्यावर उरलेल्या लाह्या वाट्यांवर पसरल्या. वाट्या झाकून दहा मिनिटं ठेवल्या, तोवर मुलांनी दोनदा झाकण उचलून बघितलं. मग सगळे गोल बसून जेवले. जेवले म्हणजे, मुलांनी तीन तीन वाट्या रिकाम्या केल्या. पद्माने वाटी बोटाने पुसली. जयमालाने दुसरी वाटी मागून घेतली आणि खाता खाता थांबली.

"महिनाभर तुम्ही हे रोज करत होता. मी एकदाही चव बघितली नाही."

"तू इचारलं न्हाईस. मीबी दिलं न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला राग व्हता. अजून हाय."

साडेतीनला शिफ्ट सुटली आणि रोहिदासने लॉकर उघडला, तेव्हा फोनवर सतरा मिस्ड कॉल होते. आईला काहीतरी झालं, असं वाटून तो गाडीची किल्ली शोधायला लागला. मग त्याचा हात छातीवर गेला आणि खिशातली बटणं एकमेकांवर वाजली. मोशीच्या ट्रॅफिकमधून तो पाच वाजता घरी पोचला. दारात आला तर सगळं घर हॉलमध्ये बसलेलं. मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत आई.

"आई..." त्याने खिशावर हात ठेवला. "विसरलो."

"काय?"

"विसरलो."

"मोठ्यानं बोल. पद्माला ऐकू आलं न्हाई."

"विसरलो, आई. शिफ्ट बदलली, त्या गडबडीत... डोक्यातच आलं नाही."

कस्तुराबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. पोराचा चेहरा उतरलेला, शर्टावर तेलाचे डाग. त्यांना त्याची दया आली, तरी हे बोलल्याशिवाय त्या राहणार नव्हत्या. दोन महिने वाट बघितली होती त्यांनी.

"रावेतची गाडी चाकणपतुर येती का रे? तुला तिकडनंच उचलू दे मंग."

मुलं खो-खो हसली. रोहिदास हसला नाही. त्याने खिशातून बटणं बाहेर काढली.

"एकदा विसरलं म्हणून कुणी कामातनं जात न्हाई," त्या म्हणाल्या. "मी गेले न्हाई, तूबी जाणार न्हाईस. आता बघ हिकडं."

त्यांनी छातीवर हातांची घडी घातली आणि उठल्या. एक. बसल्या, उठल्या. दोन. मुलं मोजायला लागली. तीन. चौथ्याला मांड्या थरथरल्या, पद्मा अर्धी उठली, कस्तुराबाईंनी तिला डोळ्यांनीच खाली बसवलं. चार. पाचव्याला त्या फार सावकाश उठल्या, पण उठल्या, आणि मग बसल्याच नाहीत. तशाच रोहिदाससमोर गेल्या आणि हात पुढे केला.

"उद्या काट्यावर काय यील ते यील. मी रावेतला जायची न्हाई. ठिव हितं."

रोहिदासने चारही बटणं त्यांच्या तळहातावर ठेवली. त्याने वाकून आईच्या पायांना हात लावला.

काट्याचं ऐकण्यासाठी ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी वजनातली वाढ एक किलो चारशे ग्रॅम भरली, म्हणजे शंभर ग्रॅम कमीच. डॉक्टर प्राजक्तांनी काटा बघितला, कस्तुराबाईंकडे बघितलं आणि कागदावर दीड लिहिलं. वाटीत काय काय घालता, तेही लिहून घेतलं.

पण हे उद्याचं. त्या संध्याकाळी कस्तुराबाईंनी आधी बटणं साबणाने धुतली, कारण त्यांना मशीनच्या तेलाचा वास येत होता. पुसली. एकेक खुंटीवर दाबून बसवली. रोहिदाससाठी झाकून ठेवलेली वाटी त्याच्या हातात दिली आणि तो खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग पातेल्यात दूध ओतलं आणि पहिलं बटण फिरवलं. जाळ निळा लागला.

दारातून सुभद्राबाईंची हाक आली, "अहो कस्तुराबाई, किती झाले? पाच झाले का? आमच्या लातूरला एकदा काय झालतं..."

"सुभद्राबाई, मागनं बोलू," कस्तुराबाई दुधावरची नजर न काढता म्हणाल्या. "दूध ठिवलंय."